कंडक्टर आक्कांची घंटी

आमच्या कंडक्टर आक्का कुठेही गेल्या, तरी दारात उभं राहून आधी गर्दी हलवायच्या. लग्नाचा मांडव असो की मयताचं घर, "पुढं सरका, दारात काहून थांबलाव?" सगळी नोकरी एसटीत झालेली. आवाज असा, की धारूरच्या स्टँडवर शिंकल्या तर आमच्या गल्लीत कळावं. त्या माझ्या थोरल्या नणंद, घर आमच्याला लागूनच. नणंद-भावजयीनं जेवढं भांडायचं असतं तेवढं आम्ही भांडलो, त्यात कसूर केली नाही.

नको तो प्रश्न कुणी विचारला, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "सुट्टं न्हाई!" शेजारणी मुद्दाम माझ्या देखत विचारायच्या, "आक्का, तुमची भाची कॉलेज सोडून घरी का बसली हो? रात्रंदिवस ओरडत असते म्हणे." आक्का पदर खोचून म्हणायच्या, "सुट्टं न्हाई. पुढं सरका." मला त्या वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटायचं. मी स्वतः नुसती रडत घरात यायची.

भाची म्हणजे माझी लेक, सोनल. वीस वर्षांची घोडी, लातूरला नर्सिंगला घातलेली, ती पहिल्याच वर्षी परत आली आणि खोलीत जाऊन बसली. आंघोळ नाही, वेळेवर जेवण नाही. काही बोलावं तर ताट भिंतीवर. एकदा तिनं स्वतःचंच डोकं दारावर आपटून घेतलं, तेव्हापासून मी घरात चोरासारखी वावरायला लागले. पोरगी आपल्या हाती राहते की नाही, एवढी एकच भीती उठता-बसता. माझा भाऊ म्हणायचा, "लग्न लावून दे, आपोआप वळण लागेल." ह्यांनी तर बोलणंच सोडलं होतं.

आक्कांनी आम्हा तिघांना पुढे घातलं आणि अंबाजोगाईला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरवड्याला बोलायला बसवणं सुरू झालं. गुण आला तो त्या औषधांनी आणि त्या बोलण्यानंच, आक्कासुद्धा हेच सांगायच्या. पण डॉक्टरांनी एक पथ्य मला सांगितलं होतं: ती तापली की वाद वाढवायचा नाही, थांबायचं. आता मला थांबायला सांगणं म्हणजे झालंच! माझं तोंड एकदा सुरू झालं, की मीसुद्धा त्याला आवरू शकत नाही.

आक्का दोन दिवस आमचा तमाशा बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी बैलाच्या गळ्यातली एक जुनी घंटी घेऊन आल्या, ती स्वयंपाकघरात टांगली आणि तिची दोरी एसटीत असते तशी बैठकीच्या छताखालून थेट सोनलच्या खोलीपर्यंत नेली. "एक घंटी झाली की गाडी थांबली. मग कुणी का असंना, बोलायचं न्हाई. दोन वाजल्या की चालू. ड्रायव्हर कितीबी शाना असू द्या, घंटीम्होरं त्याचं चालत न्हाई," असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मला राग आला. पोरीचं दुखणं आणि या बाई घरात बस चालवायला निघाल्या! पण सोनल त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी हसली, म्हणून गप्प बसले.

पहिले काही दिवस ती उठसूट दोरी ओढायची. माझं वाक्य अर्ध्यात तुटायचं, जीभ नुसती वळवळायची. आक्का हळूच म्हणायच्या, "बघा, तुमची गाडी ब्रेक फेल हाय." खरं सांगते, मी थांबायला लागले तशी तिची ताटं भिंतीवरून खाली, जेवायच्या जागी यायला लागली.

तरी माझ्या भावानं घोळ घातलाच. आम्हाला न विचारता उमापूरचे पाहुणे घेऊन दारात हजर. दारात आलेल्यांना परत कसं पाठवायचं? मी पोहे टाकले, सोनलनं मुकाट्यानं साडी नेसली. मुलाची मावशी सुरू झाली: स्वयंपाक येतो का, कॉलेज का सोडलं, चेहरा असा का पडलाय, जरा हस की. सोनलनं हातातली बशी घट्ट धरली. ही बशी आता कुणाच्या डोक्यावर बसणार, म्हणून मी पुढे सरकले. "सोनल, नीट बोल," असं माझ्या तोंडात आलंच होतं. तेवढ्यात तिनं बशी खाली ठेवली, हात वर केला आणि दोरी ओढली. एकदाच.

मी होते तिथे थांबले. हेसुद्धा थांबले. मावशी छताकडे बघत म्हणाली, "हे काय?" आक्का म्हणाल्या, "गाडी थांबली. पाव्हणं, पोहे खा." सोनल आत गेली, दार हळू लावलं. माझा भाऊ मला खुणा करत होता, "बोल ना काहीतरी!" मी बोलले नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड गप्प बसणं. मग आत दोन घंट्या वाजल्या. सोनल बाहेर आली आणि उभ्यानंच म्हणाली, "माझं औषध चालू आहे. मला आत्ता लग्न करायचं नाही." पाहुणे उठले, त्यांच्यामागे पाय आपटत भाऊसुद्धा. दार बंद झाल्यावर मी हसायलाच लागले. एकही बशी फुटली नव्हती! उरलेले पोहे आम्ही चौघांनी कढईतूनच खाल्ले.

सोनल आता परळीला एका औषधाच्या दुकानात कामाला जाते. वाईट दिवस अजून येतात, नाही असं नाही. आक्कांचे गुडघे गेले, म्हणून परवा त्यांचा मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. आम्ही स्टँडवर पोचवायला गेलो. जन्मभर लोकांना चढवणाऱ्या बाई खिडकीपाशी बसून लहान पोरीसारख्या रडायला लागल्या, आणि मी खाली उभी राहून त्यांच्या दुप्पट. सोनलला हे सोसेल का, म्हणून मी तिच्याकडे बघितलं. गाडी हलायला लागली, तशी तिनं बसच्या पत्र्यावर थाप मारली. एकच. ड्रायव्हर थांबला, आक्का रडायच्या थांबल्या, मीही. सोनल टाचा उंचावून खिडकीशी गेली, ओढणीनं आत्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आत्या, पुढं सरका आता." मग तिनंच पत्र्यावर दोन थापा मारल्या.