उणे चौदातली स्नोमोबाइल आणि बाबांचा अंगठा

माझे सासरे सांगलीहून आमच्याकडे इंग्लंडमधल्या स्लाऊला तीन महिन्यांसाठी आले तेच मुळी डिसेंबरात. तिकीट स्वस्त होतं, दुसरं काही कारण नाही. पहिला आठवडा त्यांनी रेडिएटरला पाठ लावून काढला. दुसऱ्या आठवड्यात नाश्त्याच्या वेळी मोबाइलवर कुणीतरी बर्फातून स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची स्कूटरच, उडवताना पाहिलं आणि जाहीर केलं, "हे चालवायचं."

आम्ही "बघू हं बाबा" म्हणालो. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. पण तोवर त्यांनी सांगलीच्या आपल्या प्रभातफेरी मंडळाला कळवूनही टाकलं होतं की, येत्या रविवारी स्नोमोबाइल स्वतः चालू करून तिचा व्हिडिओ दाखवतो. 'चालू करून' यावर जोर होता, कारण बाबांची सगळी अब्रू त्या दोन शब्दांवर उभी आहे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यांनी स्कूटर वापरली, आणि थंडीच्या सकाळी कॉलनीतल्या निम्म्या स्कूटर त्यांच्याच किकने चालू व्हायच्या. पद्धत ठरलेली. स्कूटर एका बाजूला आडवी करायची, मनात दहा आकडे मोजायचे, सरळ करायची, चोक ओढायचा, एक्सलेटर पिळायचा आणि किक. मंडळातल्या प्रत्येकाने कधी ना कधी बाबांच्या हातापाया पडून ऑफिस गाठलेलं आहे.

त्यामुळे आम्ही निघालो. मी, माझा नवरा निनाद आणि पुढच्या सीटवर बाबा.

तुम्ही जाणार असाल तर स्लाऊ ते स्कॉटलंडचे डोंगर एका दिवसात करू नका. नऊ-दहा तास गाडी चालवून पोचल्यावर माणूस कुणाशी धड बोलत नाही. आम्ही वाटेत कार्लाइलला मुक्काम केला. जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर कॉटेज बऱ्याच कमी भाड्यात मिळतं. मात्र चार वाजता अंधार पडतो, तेव्हा स्कॉटलंडातल्या पर्थच्या पुढचा रस्ता उजेडातच संपवा. गाडीत बर्फ उपसायला फावडं, पांघरूण आणि खायला ठेवा. आमच्याकडे खायला एवढं होतं की फावड्याला जागा उरली नव्हती. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. शिवाय बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात कांदा-लसूण मसाल्याची पुडी. वाटेतल्या कॅफेत त्यांनी मसुराचं सूप मागवलं, पुडी काढली, ढवळलं आणि म्हणाले, "आता झाली आमटी." काउंटरवरच्या बाईने वास घेतला, चमचाभर चाखायला मागितली आणि बाबांनी तिला निम्मी पुडी देऊन टाकली. स्कॉटलंडबद्दल त्यांचं मत तिथेच चांगलं झालं.

कॉटेज अ‍ॅव्हीमोर गावापासून अर्ध्या तासावर, एका मेंढ्यांच्या शेतावर होतं. मालकीण मॉराग, साठीच्या पुढची, ठेंगणी, आणि बोलायला मोजकी. वादळानंतर वरच्या कुरणातल्या मेंढ्यांना चारा न्यायला तिने स्नोमोबाइल ठेवलेली. पाहुण्यांना ती घरामागच्या सपाट कुरणात एक फेरी मारू देते, पण तिचा नियम आहे. जो चालू करेल तो चालवेल, दुसरा मागे बसेल. तिचं म्हणणं असं, की जो नीट चालू करू शकतो तो सूचना ऐकणारा असतो.

हे ऐकून बाबा माझ्याकडे बघून हसले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सकाळी नऊ वाजता उणे चौदा. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. निनादने मोबाइल कुंपणाच्या खांबावर टेकवून व्हिडिओ सुरू केला. मॉराग घरातून बॅटरी काखेत घेऊन आली. एवढ्या थंडीत ती रात्री बॅटरी काढून चुलीजवळ ठेवते. ती बसवता बसवता म्हणाली, "ह्या थंडीत बॅटरी तीनदा साथ देते. चौथ्यांदा नाही."

मग तिने समजावलं. गाडीला फ्युएल इंजेक्शन आहे, किती पेट्रोल द्यायचं ते तिचा कॉम्प्युटर ठरवतो. गाडीला जोडलेली लाल दोरी जॅकेटला अडकवा, नाहीतर इंजिनात ठिणगीच पडणार नाही. किल्ली फिरवा. पंपाचा गूं असा आवाज येईल, तो थांबेपर्यंत थांबा. मग बटण दाबा. आणि अंगठा, म्हणजे उजव्या हाताखालचा एक्सलेटर, त्याला स्पर्शही करू नका.

"चोक कुठंय?" बाबांनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"चोक नाही."

"चोक नाही? मग थंडीत काय देवाचं नाव घ्यायचं?" हे मी भाषांतरित केलं नाही. बाबा बसले, मॉरागला म्हणाले, "मॅडम, थर्टी इयर्स एक्स्पीरियन्स," किल्ली फिरवली, बटण दाबलं आणि अंगठा खालपर्यंत रेटला. गाडी खर्र-खर्र करून गप्प.

"थंब," मॉराग म्हणाली.

"येस येस."

दुसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हाताने उजवा अंगठा पकडून ठेवला. मग बटण कशाने दाबणार? डावा हात सोडला आणि त्याच क्षणी अंगठा सुटला. खर्र-खर्र. आता पेट्रोलचा वासही आला.

"पेट्रोल वर चढलं नाहीये," बाबा म्हणाले. "निनाद, मुग्धा, या इकडे. आडवी करायची."

अडीचशे किलोची गाडी. मी नको म्हणायला हवं होतं, पण सासरे "या" म्हणाले की माझे पाय आपोआप जातात. आम्ही दोघांनी जोर लावला. कटकन आवाज झाला, गाडी जरा कलली, निनाद घसरून तिच्याखाली जाता जाता वाचला आणि मी बर्फात कंबरेपर्यंत रुतले. बाबा कडेला उभे राहून मोठ्यांदा दहा आकडे मोजत होते. मॉराग काठीला टेकून हसत सुटली. अश्रू गालावरच गोठतील अशी मला भीती वाटली.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "पेट्रोलला याचा काही उपयोग नाही. पण गाडीखालचा पट्टा बर्फाला चिकटला होता, तो सुटला. ते मलाच करावं लागलं असतं." हे मी शब्द न शब्द भाषांतरित केलं. बाबांनी मान डोलावली, पण चेहरा उतरलेला होता.

जास्तीचं पेट्रोल उडून जायला वेळ द्यावा म्हणून आम्ही आत जाऊन चहा घेतला. बाबांनी नाही घेतला. खिडकीतून गाडीकडे बघत राहिले. मला त्यांची फार कीव आली. रविवार चार दिवसांवर होता आणि आता एकच संधी शिल्लक होती.

बाहेर आलो. बाबा गाडीपर्यंत गेले, थांबले, जॅकेटवरची लाल दोरी काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू बस. माझा अंगठा माझं ऐकत नाही."

मी बसले. किल्ली फिरवली. गूं... मी अख्खं आयुष्य कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघण्यात घालवलंय, तेव्हा हे मला जमत होतं. आवाज थांबला. बटण. एका खर्रमध्ये गाडी धडधडायला लागली. बाबा माझ्याआधी ओरडले, "लागली!"

पाच मिनिटं ती तशीच गरम होऊ द्यायची, हे विसरू नका. त्या पाच मिनिटांत निनादने बाबांना पुढच्या सीटवर बसवून फोटो काढला आणि म्हणाला, "व्हिडिओतला आधीचा भाग मी कापतो. कुणाला कळणार?" बाबा म्हणाले, "बघू."

मग मी पुढे, ते मागे. जन्मात कुणाच्या मागे न बसलेला माणूस. माझं जॅकेट दोन्ही मुठींत धरून सूचना चालू, "हॉर्न दे! अगं हॉर्न दे!" समोर कुणी नव्हतं, हॉर्नही नव्हता. वळणावर मी अंगठा जरा जास्त दाबला आणि आम्ही दोघं अलगद बर्फाच्या ढिगात गेलो. मेंढ्यांनी कुंपणातून शांतपणे बघितलं.

रविवारी स्लाऊच्या घरी व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर मफलर गुंडाळलेली सहा डोकी. मी स्वयंपाकघरात थालीपिठं थापत होते आणि मनाची तयारी केली होती. बाबा काहीही सांगोत, विचारलं तर मी "हो, बाबांनीच" म्हणणार होते.

"कापलेला नको," बाबा निनादला म्हणाले, "सगळा दाखव." त्यांनी खर्र-खर्र दाखवली, आडवी करणं दाखवलं. पलीकडून हसण्याचा धबधबा आला.

"मी दोनदा संधी घालवली," बाबा म्हणाले. "गाडी सूनबाईनं चालू केली. मी मागं बसलो होतो."

"मागं?" एक मफलर ओरडला. "तू?"

"हां, मागं. लई छान दिसतं मागनं."

मग त्यांनी फोन उचलला, स्वयंपाकघरात आले आणि कॅमेरा माझ्यावर धरला. "ही बघा, आमची ड्रायव्हर." मला पिठाच्या हातांनीच सहा मफलरांना नमस्कार करावा लागला, आणि डोळे पुसायला हात उरला नाही.