बोंबलांच्या डब्यातली फाईल

"पँट खाली कर. चड्डी पण," सर्जन म्हणाला. दार सताड उघडं. बाहेर बाकावर माणसं, आत शिकाऊ डॉक्टर दोन पोरी. मी सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला. पडद्याकडे बघितलं तर म्हणतो, "लाजतोस काय? होडीवर तुम्ही लोक लंगोटीवरच असता ना."

मूल होत नव्हतं म्हणून रत्नागिरीत तपासायला गेलो होतो. सोनोग्राफीत दोन्ही वृषणांत गाठी निघाल्या.

मी फाईल पुढे केली. मी पंधरा दिवसांचा असल्यापासूनची, आवशीने, माझ्या आईने, जपलेली. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा जन्मजात आजार, जन्मभर रोज गोळ्या, सगळं तिच्यात आहे. पूर्णगडच्या आमच्या घरात कागद सुक्या बोंबलांच्या पत्र्याच्या डब्यात राहतात, कारण पावसात तेवढाच कोरडा असतो. रेशन कार्डसुद्धा तिथेच.

सर्जनने फाईल पेनाच्या टोकाने ढकलली. "बाहेर ठेव ती. वास मारतेय." एवढा शिकलेला माणूस, आणि बोंबलाला घाबरला.

मग निकाल दिलान. "कॅन्सरच धरायचा. दोन्ही काढून टाकू. इथे सही कर, समजावून तुला काय कळणार?"

एका हाताने पँट धरून मी दुसऱ्या हातात पेन घेतलं. खोटं कशाला बोलू, सही करणारच होतो. अशा टेबलांपुढे मी कायम मान हलवत आलोय.

बाहेर बाकावर बसलेली आवस उघड्या दारातून बोलली, "फाईल वाचलीन काय त्याने?"

"नाही."

"मग सही कसली करतोस?"

मी पेन ठेवलं. पँट वर घेतली, पट्टा नीट बांधला, फाईल उघडली. मी सोळा वर्षांचा असताना कोल्हापूरच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी लिहिलेलं पान मोठ्याने वाचलं. 'गोळ्या चुकल्यास वृषणांत गाठी येऊ शकतात. त्या बहुधा कॅन्सरच्या नसतात. कापण्याआधी हार्मोन तपासावेत.' गोळ्या मी चुकवल्या होत्याच. खलाशी हसतात म्हणून बोटीवर आठ-आठ दिवस घेत नसे. ती चूक माझी, ती मी त्याच्यासमोर कबूल केली. त्याची चूक त्याच्या तोंडून निघाली नाही.

"तू मला शिकवतोस?"

"हो. वाचायला."

एक पोरगी खाली मान घालून हसली. सर्जनचं तोंड बघण्यासारखं झालं. मला अजिबात दया आली नाही.

कोल्हापूरला रक्त तपासलं. गाठी त्या आजाराच्याच निघाल्या, गोळ्या वाढवल्यावर लहान होत गेल्या. मूल होईल की नाही, ते अजून कोणी सांगत नाही. त्या विचाराने जीव जळतो. पण जे आहे ते माझ्या अंगावर शाबूत आहे.

आता बोटीवर सगळ्यांसमोर गोळी घेतो. हसायचं त्याने हसावं.

बायको म्हणाली, फाईलला नवीन पिशवी घेऊ. मी नको म्हटलं. फाईल बोंबलांतच राहणार. तो वास सोसून जो ती वाचेल, त्याच्यासमोरच माझी पँट उतरेल.