टॉमसाहेबांचे पंधरा पौंड

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी डिडकॉटला जाऊन आले ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

माझा मुलगा संजय इंग्लंडात रीडिंगला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी आले, पण मनात एकच काम होतं. माझे यजमान मुंबईत एका प्रयोगशाळेत काच फुंकून उपकरणं करायचे. महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती, आपला देश नवा होता. अणूचं यंत्र आपल्याकडेही हवं, म्हणून सरकारने ह्यांना आठ महिने इकडे, डिडकॉटजवळच्या अणूच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. हातात पौंड मात्र मोजकेच दिले. कडाक्याच्या थंडीत अंगावर कोट नाही हे बघून शेजारच्या टेबलावरच्या टॉमसाहेबांनी पंधरा पौंड उसने दिले. घरी परतल्यावर ते पाठवायला ह्यांनी दोनदा अर्ज केला. खाजगी कामासाठी परकीय चलन मिळणार नाही, असं उत्तर आलं. मग लाजेने पत्रंही थांबली. शेवटच्या आजारात मला म्हणाले, "टॉमचे पंधरा राहिले गं."

संजयने जुन्या पत्त्यावर लिहून पाहिलं, तर टॉमसाहेबांचंच उत्तर आलं. अजून त्याच घरात राहतात.

डिडकॉट जवळ आलं तसे आगगाडीच्या खिडकीतून अवाढव्य मनोरे दिसले, वाफ सोडणारे. मी हात जोडले.

"आई, नमस्कार कोणाला?"

"ह्यांच्या अणूच्या कारखान्याला."

"अगं, ते कोळशाचं वीजघर आहे!" संजय इतका हसला की समोरची बाईही हसली. मी पदर सावरून बसले.

टॉमसाहेब ऐंशीच्या पुढचे, उंच, पाठीत वाकलेले. चहा केला, काकडीचे सँडविच ठेवले. "अंडं नाही त्यात," म्हणाले, "माझ्या लक्षात आहे." मी बेसनाचे लाडू दिले. त्यांचं बोलणं संजय मला मराठीत सांगत होता.

खिडकीत काचेचा छोटा तांब्या होता, त्यात रानफुलं. मी लगेच ओळखला हात कोणाचा ते, ह्यांनीच फुंकलेला.

टॉमसाहेब म्हणाले, "तुझा नवरा वरून पाणी प्यायचा, ओठ न लावता. आम्ही पैजा लावायचो, सांडेल म्हणून. कधी सांडलं नाही!" मग खिडकीबाहेरच्या टेकडीकडे बघत म्हणाले, "आम्हाला वाटायचं, घरोघरी फुकट वीज जाईल, पुन्हा लढाई होणार नाही. आता तिथली ती अणूची यंत्रं सुटी करतायत. आम्ही घाईघाईने उभारली, उतरवायला नातवंडं लागणार."

"आईकडून," एवढंच म्हणून संजयने पाकीट टेबलावर ठेवलं. टॉमसाहेबांनी बघितलं आणि हळूच परत सरकवलं. "भेटवस्तू नको. नातवंडांना खाऊ घ्या." पुन्हा ठेवलं, पुन्हा परत आलं. संजय म्हणाला, "आई, राहू दे आता, त्यांना अवघडल्यासारखं होतंय." आणि पाकीट खिशात घालू लागला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाकीट सुनेने वेम्बलीच्या आपल्याकडच्या दुकानातून आणलेलं, आहेराचं. लाल, सोनेरी गणपतीचं, वर एक पौंडाचं नाणं चिकटवलेलं. उसने पैसे आम्ही आहेर म्हणून देत होतो! कोण घेईल?

परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण त्या दिवशी उठले, संजयच्या हातून पाकीट घेऊन फाडलं. नाणं कमरेच्या पिशवीत टाकलं. टॉमसाहेबांचा हात धरून उघडला आणि नातीने शिकवलेले आकडे म्हणत नोटा तळहातावर ठेवल्या. "फाइव्ह. टेन. फिफ्टीन." मग खिडकीतल्या तांब्याकडे बोट केलं. "ही गिव्ह. नॉट मी."

टॉमसाहेबांनी तांब्याकडे बघितलं. मग तिन्ही नोटा पुन्हा एकदा मोजल्या, कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि वरून हात दाबला.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "पूर्ण मिळाले."

परतताना तेच मनोरे पुन्हा दिसले. कोळशाचे तर कोळशाचे, मी पुन्हा हात जोडले. संजय हसला नाही. मी मनात ह्यांना सांगितलं, पंधराच्या पंधरा पोचले हो.