नोंद : शांत

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. भाईंदर पूर्वेच्या एका केंद्रात मी एमआरआय मशीन चालवायचो. माणूस भीती कशी आवरतो, हे मेंदूच्या चित्रांत पाहणारं संशोधन तिथे चाललं होतं. त्यासाठी एक कोळीण आली. "मंगळसूत्र काढा," म्हटल्यावर ती हसली. "ते दर्यानं कवाच नेलंय, भाऊ."

आत तिला खवळलेल्या समुद्राचं चित्र दाखवलं. ती जराही हलली नाही. मी नोंद केली, 'शांत'.

बाहेर आली तेव्हा आसवांनी तिचे कान भिजले होते. "हलले न्हाय ना मी? फोटू बिघडला न्हाय ना?"

घाबरल्यास दाबायचा घंटीचा फुगा खुंटीवरच होता. तिच्या हातात द्यायला मी विसरलो होतो.

"छान आला," एवढंच म्हणालो. नोंद तशीच ठेवली. ती गेल्यावर ओठांवर आलं, ते आज लिहितो : ताई, तुम्ही शांत नव्हता. चुकलो मी.