न पडलेल्या तांब्याचा आवाज

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. लातूरला नीटच्या क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवतो. मेंदू आणि नसा हा तर माझा हातखंडा चॅप्टर!

आमच्या मुलीला चौथ्या महिन्यात एपिलेप्सीचं निदान झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं — साध्या व्हायरल तापानंही झटके येऊ शकतात, सर्दी दिसली की ताप मोजत राहा, डोस चुकवू नका. मला काय, सगळं तोंडपाठ.

ती आठ महिन्यांची असताना आम्ही किल्लारीला माझ्या सासुरवाडीला गेलो. तिचं नाक वाहत होतं. सकाळी ताप मोजला, नॉर्मल. दुपारी मीच तिला आतल्या खोलीत निजवलं, वर गोधडी घातली, दार ओढून घेतलं... आणि पुन्हा ताप मोजायचा राहिला. ही मास्तरांची हुशारी!

माझ्या सासूबाईंना (मी त्यांना मामी म्हणतो) त्र्याण्णवच्या भूकंपापासूनची एक सवय. फळीवर उपडा पेला आणि त्यावर तांब्या. जमीन हलली की तांब्या पडणार, मग सगळ्यांनी बाहेर पळायचं. मी त्यावरून त्यांची भरपूर थट्टा करायचो.

आम्ही जेवत होतो. ठण्णकन तांब्या पडला. आवाज मी ऐकला, बायकोनंही ऐकला.

"जावईबापू, भायेर पळा!" मामी ओरडल्या आणि आतून मुलीला उचलून थेट अंगणात. मी मागून हसत गेलो. "मामी, काही हललं नाही हो..."

"आवो, लेकरू लई तापलंय की!"

तेवढ्यात तिचे हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. शेजारीण चप्पल हुंगवायला धावली, तिला अडवलं. मी मुलीला कुशीवर वळवलं, बायकोनं झटका थांबवायचा स्प्रे तिच्या नाकात मारला. तीन मिनिटं... मी आयुष्यात इतका कधी भ्यालो नव्हतो. मग ती रडली.

लातूरचे डॉक्टर म्हणाले, व्हायरलच होतं. बंद खोलीत, गोधडीखाली हा झटका तुम्हाला कळलाही नसता.

त्या दिवशी लातूरला निघताना सामान घ्यायला घरात गेलो होतो, तर तांब्या पेल्यावर जागच्या जागी उभा. भूकंपाचीही कुठे नोंद नव्हती.

आज मुलगी शाळेत जाते. औषध चालू आहे, झटके नाहीत. व्हायरस, ताप, मेंदू — सगळं मी फळ्यावर समजावून देईन. त्या आवाजाचं मात्र अजून जमलेलं नाही.

मामींना एकदाच विचारलं. भूकंपात त्यांचं पहिलं बाळ घरातच, ढिगाऱ्याखाली राहिलं होतं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कोण वाजवलं, मला काय ठावं? ह्या बारीला लेकरू घेऊन निघाले की मी."