एक्केचाळीस नंबरचं रिव्हॉल्व्हर

ती केस मिटली, मीही निवृत्त झालो, पण बारा रिव्हॉल्व्हरांतून एक निवडणारा तो म्हातारा माणूस आठवला की अजून थक्क व्हायला होतं. नावं कुणाचीच देणार नाही. तशी गरजही नाही.

टोरांटोजवळच्या एका पोलीस खात्यात मी एकोणतीस वर्षं काढली. शेवटची सात बेकायदा हत्यारांच्या पथकात. एके सकाळी आमच्या टिप लाइनवर फोन आला. या लाइनवर बोलणाऱ्याचं नाव विचारायचं नसतं आणि नंतर शोधायचंही नसतं. आमच्या हद्दीतल्या वॉन शहरात बँकांची रोकड पोहोचवणारी एक छोटी कंपनी होती. तिने जुनी रिव्हॉल्व्हरं बदलून नवी पिस्तुलं घेतली होती. जुनी बारा वितळवायला पाठवायची होती, पण पेटीत अकराच पोहोचली. फोनवरचा आवाज म्हणाला, "तो म्हातारा इंडियन गार्ड आहे ना, त्याच्या घरी बघा. रिव्हॉल्व्हर जमा करताना तो रडत होता."

आम्ही कंपनीत गेलो. बारा हत्यारं सरकारी नोंदीत कंपनीच्या नावावर होती. कुणाच्या कमरेला कोणतं, हे मात्र फक्त कंपनीच्या रजिस्टरमध्ये. ते सुपरवायझरच्या ताब्यात असायचं. पेटीत नव्हतं ते नंबराच्या शेवटी सत्तेचाळीस असलेलं आणि रजिस्टरात त्या नंबरासमोर नाव होतं त्या गार्डचं. सही बरोबर होती. सुपरवायझर अगदी दुःखी चेहऱ्याने म्हणाला, "चांगला माणूस आहे हो. अलीकडे विसरायला लागलाय. मी आणि तो नऊ वर्षं एका व्हॅनवर होतो."

गार्ड शेजारच्या हद्दीतल्या व्हिटबी गावात मुलीकडे राहत होता. शेजारच्या खात्याला कळवून, वॉरंट घेऊन आम्ही झडतीला गेलो. दार मुलीने उघडलं. मागे सत्तरीला टेकलेले गृहस्थ ताठ उभे होते. सातारा जिल्ह्यातले, सैन्यात हत्यारं दुरुस्त करणाऱ्या विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी मराठीत बोललो तसे त्यांचे डोळे जरा निवळले.

"तुम्ही कुठले, साहेब?"

"वसईचा. लहानपणी आलो इकडे."

"बघा मग घर. काही राहू देऊ नका."

आम्ही बेसमेंटपासून माळ्यापर्यंत सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. मुलगी मागे मागे फिरत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "ऑफिसर, माझे बाबा रेस्टॉरंटमधून एक्स्ट्रा केचपसुद्धा उचलत नाहीत. सीरियसली." असलं वाक्य मी प्रत्येक झडतीत ऐकलेलं. चोराच्या घरचेही हेच म्हणतात. मी मान हलवली आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

इथे परवानगीशिवाय हँडगन बाळगणं फार महागात पडतं. आरोप लागला असता तर काकांना, मी त्यांना काकाच म्हणायला लागलो होतो, तुरुंग ठरलेला. त्याहून वाईट म्हणजे चोर हा शिक्का. चोवीस वर्षं सैन्यात, अठरा वर्षं इथे, एक डाग नाही. ही एक गोष्ट त्या माणसाची कमाई होती आणि ती आता माझ्या टेबलावर होती.

जबाब व्हिडिओवर घेतला. हक्क वाचून दाखवले, वकील बसवला, भाषांतराला बाहेरचा दुभाषी ठेवला, कारण मी मराठी म्हणून मी पक्षपात केला असं उद्या कुणी म्हणायला नको. काका खुर्चीच्या पाठीला न टेकता बसले.

"तुमच्या रिव्हॉल्व्हरचा नंबर?"

त्यांनी पूर्ण नंबर घडाघडा म्हटला. शेवट एक्केचाळीस.

"रजिस्टरमध्ये सत्तेचाळीस आहे."

"रजिस्टर चुकलं, साहेब. सैनिक बायकोचा वाढदिवस विसरेल, हत्याराचा नंबर नाही विसरत."

"सही तुमची आहे ना?"

"माझीच. जुनं रजिस्टर फाटलं म्हणून साहेबाने नवं उतरवलं. सगळ्यांच्या सह्या परत घेतल्या. व्हॅन सुटायची घाई होती, मी न वाचता केली. गाढवपणा झाला."

इथपर्यंत ठीक होतं. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "त्या हत्याराच्या बाबतीत तुम्ही कधी नियमाबाहेर काही केलंत?"

 काकांची मान खाली गेली. कान लाल झाले. शेवटी म्हणाले, "याचं उत्तर नाही देत." वकिलाने लगेच जबाब थांबवला. माझा जोडीदार सहा फूट चार इंचाचा, मनाने साधा आणि माझ्या डब्यातल्या पोळ्यांवर डोळा ठेवणारा. तो बाहेर आल्यावर म्हणाला, "मिळाला तुझा माणूस." मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू.

तरी एक गोष्ट खटकत होती. पेटीत एक्केचाळीस नंबरचं रिव्हॉल्व्हर होतं. रजिस्टरप्रमाणे ते नोकरी सोडून पोर्तुगालला परत गेलेल्या आणि तिथे वारलेल्या एका गार्डचं. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही टाकता येतं, हे प्रत्येक पोलिसाला माहीत असतं. दुसऱ्या दिवशी वकिलाच्या संमतीने मी काकांना पुन्हा बोलावलं आणि विचारलं, "एक्केचाळीसच का घेतलंत? कसं निवडलंत?"

हा प्रश्न विचारताच माणूस बदलला. हात बोलायला लागले.

त्या काळी कंपनीने सगळं वापरलेलं विकत घेतलेलं. एका कपाटात चार-पाच जुनी पिस्तुलं, दोन आखूड नळीची रिव्हॉल्व्हरं आणि पोलिसांनी काढून टाकलेली, एकाच बनावटीची बारा मोठी रिव्हॉल्व्हरं. ज्याला जे हवं ते घ्या, असं सांगितलेलं. सगळे पिस्तुलांवर तुटून पडले. चपटी, हलकी, गोळ्या जास्त. काकांनी ती हातात घेऊन परत ठेवली. स्प्रिंगा दमलेल्या, आणि जानेवारीत गार पडलेल्या तेलात अडकणार हे त्यांना दिसत होतं. आखूड नळीचं खिशात छान बसतं, पण जाड हातमोजे घातले की मूठच सापडत नाही. मोठं रिव्हॉल्व्हर पट्टा ओढतं, कंबर दुखते, दिसायला गावठी. पण चाप ओढला की चालतं. थोड्याच दिवसांत पिस्तुलं अडकायला लागली, मग कंपनीने ती काढून टाकली आणि बाकीच्यांनाही या बारातलीच उरलेली वाटली.

"पण बाराही सारखीच होती ना?" मी म्हटलं.

"सारखी कशी असतील, साहेब? एका आईची पोरं तरी सारखी असतात का? मी गोळ्या बसतात ते चक्र फिरवून ऐकलं. प्रत्येकाचा आवाज वेगळा."

जोडीदाराला भाषांतर करून सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, "बघू या तर."

मुद्देमाल खोलीत आम्ही ती अकरा रिव्हॉल्व्हरं रिकामी असल्याची तीनदा खात्री केली. काकांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. जोडीदाराने एकेक उचलून चक्र फिरवायचं, एवढंच. पहिलं फिरलं. काका म्हणाले, "नाही. याच्या एका दाताला झीज आहे." दुसरं. "हे कधीतरी खाली पडलंय, आस वाकलाय." तिसरं. "हे बरं आहे, पण माझं नाही." सहावं फिरलं आणि काका काही बोललेच नाहीत. फक्त मान हलली, जशी ओळखीच्या माणसाची हाक ऐकून हलते. "हे."

एक्केचाळीस.

जोडीदाराने क्रम बदलला. पुन्हा एक्केचाळीस. तिसऱ्या वेळी त्याने लबाडी करून एक्केचाळीस टेबलाखाली लपवलं आणि उरलेली दहाच फिरवली. काका सगळी ऐकून म्हणाले, "आता ते इथं नाही. कुठं ठेवलंत?" त्या आडदांड माणसाच्या हातावर काटा उभा राहिलेला मी पाहिला. माझ्याही राहिला.  हत्यारांच्या कामात मी मोठमोठे तज्ज्ञ पाहिले होते, यंत्रं पाहिली होती. असा कान पाहिला नव्हता.

"आणि पेटीत नसलेलं सत्तेचाळीस?" मी विचारलं. "ते कसं होतं?"

"ते बारातलं सगळ्यांत चांगलं. लोण्यासारखं फिरायचं."

"मग ते सोडून एक्केचाळीस का घेतलंत?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "व्हॅनमधनं पहिला उतरायचा तो माझा जोडीदार, साहेब. आत्ताचा सुपरवायझर. मी आतून दार धरायचो. पहिली गोळी ज्याच्या अंगावर येणार, चांगलं हत्यार त्याच्या हातात नको? म्हणून ते त्याला काढून दिलं. मी दुसऱ्या नंबरचं घेतलं."

"त्याला हे सांगितलं होतंत?"

"त्यात सांगायचं काय?"

मी सरकारी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "गोष्ट सुंदर आहे. पण कान हा पुरावा नाही." बरोबरच होतं. रजिस्टरसमोर कान टिकत नाही.

म्हणून एक्केचाळीस प्रयोगशाळेत न्यायच्या आधी मुठीच्या लाकडी फळ्या उघडून आत काही खूण सापडते का ते बघायचं ठरलं. हातमोजे घालून, फोटो काढत जोडीदाराने स्क्रू सोडवला. फळीच्या आत, खाचेत, लाल कण चिकटले होते. "रक्त," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला. एवढ्यावरून आणखी एक गुन्हा त्यात येऊन बसला असता.

मी वाकून पाहिलं. सुकलेलं रक्त तपकिरी पडतं. हे भडक होतं आणि कडेला थोडं पिवळं. क्षणभर मला व्हिटबी, वॉन काही दिसेना. माझे वडील ठाण्याला पोलीस हवालदार होते. दसऱ्याला त्यांच्या पोलीस स्टेशनच्या अंगणात बंदुका मांडायचे, झेंडूची फुलं, हळद, कुंकू. आम्ही ख्रिस्ती, पण वडील त्या दिवशी आपल्या बंदुकीला स्वतः कुंकवाचं बोट लावायचे. म्हणायचे, वर्षभर हिने सांभाळलंय, एक दिवस आपण सांभाळू.

मी काकांसमोर जाऊन बसलो. "काका, दसऱ्याला काय करायचात?"

कान पुन्हा लाल झाले. "डब्याच्या खालच्या कप्प्यात चिमूटभर हळदकुंकू न्यायचो. ड्युटीआधी गन रूममध्ये कुणी नसताना लावायचो आणि लगेच पुसायचो. हत्याराला बाहेरचं काही लावायचं नाही असा नियम आहे, साहेब. अठरा वर्षं मोडला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलवेना आणि खरं सांगायची लाज वाटली. हे लोक हसले असते."

चोरी लपवणारा चेहरा आणि पूजा लपवणारा चेहरा मला वेगळा ओळखता आला नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीचा मला माज होता, तो तिथे उतरला.

प्रयोगशाळेने रक्त नाही, हळदीपासून केलेलं कुंकू आहे असं लिहून दिलं. उरलेल्या दहांच्या मुठी उघडल्या, एकातही तसं काही नव्हतं. त्या कंपनीत दसरा पाळणारा दुसरा माणूस नव्हता. एक्केचाळीस काकांचं होतं आणि ते त्यांनी जमा केलं होतं. म्हणजे रजिस्टर खोटं होतं आणि ते एकाच माणसाने लिहिलेलं होतं.

सुपरवायझर चौकशीला आला तेव्हा तयारीने आला होता. दोन तास तो 'मला माहीत नाही' एवढंच उत्तर देत राहिला. मी कुंकवाचा अहवाल समोर ठेवला, तो खांदे उडवून मोकळा झाला. शेवटी मी सहज विचारलं, "नऊ वर्षं तुझ्या कमरेला कोणतं होतं, हे आम्हाला कळलंय. ते तुझ्याकडे कसं आलं, हे तुला माहीत आहे?"

तो हसला. "म्हाताऱ्याने त्याचं आधी निवडलं. हत्यारांतला जाणकार ना! उरलेलं माझ्यापुढे टाकलं. त्याचं कायम माझ्यापेक्षा चांगलं."

मी काकांच्या जबाबाचा तो भाग काढला आणि भाषांतर वाचून दाखवलं. पहिली गोळी ज्याच्या अंगावर येणार, तिथपर्यंत. तो म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचलं. त्याने वकिलाकडे पाहिलं नाही. टेबलाकडे बघत म्हणाला, "माझ्या गॅरेजमध्ये बर्फावरच्या मासेमारीची पेटी आहे. तिच्या तळाशी आहे ते. वितळवायला द्यायला जीव झाला नाही. वाटलं, म्हाताऱ्याला वयामुळे कोणी फार त्रास देणार नाही."

सत्तेचाळीस तिथेच मिळालं. स्वच्छ पुसलेलं, तेल दिलेलं.

काकांवरचा संशय लेखी मागे घेतला. पत्र घेऊन मी स्वतः व्हिटबीला गेलो. मुलगी दारातच रडायला लागली. काकांनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि विचारलं, "त्याच्या नोकरीचं काय होणार?" मी सांगितलं, नोकरी गेली, खटला चालेल. त्यांनी पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "दार मी नीट धरायचो हो त्याचं." मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज. त्याने तुम्हाला जेलमध्ये टाकलं असतं." काका म्हणाले, "ते त्याने केलं. मी माझं सांगतोय." 

माणसं ओळखण्याबद्दल या केसने मला बरंच शिकवलं असं मी पूर्वी भाषणांत सांगायचो. खरं शिकवलं ते दुसरंच. त्या वर्षी आमच्या पथकाला नवी बुलेटप्रूफ जॅकेटं आली. दरवेळी प्रमुख म्हणून आधी मी घालून बघायचो आणि नीट बसेल ते ठेवून घ्यायचो. त्यात मला कधी काही गैर वाटलं नव्हतं. या वेळी मी दारात सगळ्यांत पुढे घुसणाऱ्यांना आधी निवडू दिलं आणि उरलेलं घेतलं. ते काखेत जरा काचायचं. निवृत्त होईपर्यंत मी तेच वापरलं, आणि का ते कुणाला सांगितलं नाही.