बुबुळाखालचा तीळ

माझी मैत्रीण डोळे बनवते. नकली. ज्यांचा एक डोळा गेला, त्यांना उरलेल्याला शोभेल असा दुसरा. काम पणजीपासून घरात आहे. पणजी काचेचे करायची, आता प्लास्टिकचे होतात. पण बुबुळ अजून हातानेच रंगवतात, माणसाला खिडकीशी समोर बसवून. शिरा म्हणून लाल रेशमाचे तंतू चिकटवतात.

काकांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे, हात कापू लागले. ते तिला म्हणाले, "एक डोळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तू कर. गिऱ्हाईक तो घालून बाहेर पडलं तर दुकान तुझं. नाहीतर कुलूप."

गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षिका. डावा डोळा अपघातात गेलेला, उजवा मधाच्या रंगाचा. मी कोपऱ्यात बसून पाहत होते.

डोळा रंगवून झाला. काकांनी भिंग लावलं.

"हा तीळ कुठला?"

बुबुळाखाली, पांढऱ्या भागात, मोहरीहून लहान तपकिरी ठिपका.

"मी नाही काढला, बाबा."

"मग काय डोळ्यानं स्वतःच लावून घेतला? बाईंना आहे का?"

नव्हता. तिने तो खरवडला आणि पुन्हा रंगवायला बसली. या वेळी मी तिच्या हातावरून नजर काढली नाही. ती बाईंकडे बघत होती. ब्रश खाली सरकला, टेकला, परत वर आला.

"आत्ता काय केलंस?" मी विचारलं.

"काय केलं?"

काका स्टुलावर बसले. "माझ्याही हातून यायचा. तुझ्या आजोबांच्याही. पणजीच्या स्वतःच्या डोळ्यात होता म्हणे. शिकवला कुणी नाही." मग म्हणाले, "आता तुझा हात बसला."

"हात माझा असेल तर तो मला विचारून चालायला हवा ना?" ती म्हणाली.

तिने तो डोळा बाजूला ठेवला. नवा घेतला आणि ब्रश डाव्या हातात धरला. फार वेळ लागला. तीळ आला नाही.

दोन्ही डोळ्यांना चकाकी देऊन झाली तेव्हा बाई परत आल्या. आधी डाव्या हातानं रंगवलेला घातला.

"अगदी माझाच," त्या म्हणाल्या. मैत्रीण किती दिवसांनी हसली.

मग, नुसतं बघू म्हणून, दुसरा. त्या आरशासमोर बसून राहिल्या.

"हा द्या."

"बाई, त्यात तीळ आहे."

"दिसतोय." त्यांचा आवाज खाली आला. "तो घातला की आरशात मीच असते. हा घातला की समोरून कुणीतरी माझ्याकडे बघतं. घरी बघायला कुणी नाही हो."

बाई तो घालून बाहेर पडल्या. रस्ता ओलांडून त्यांनी वळून दुकानाकडे पाहिलं. काका टेबलाला धरून उठले आणि मान खाली घालून उभे राहिले, घरातलं वडीलधारं माणूस आल्यावर राहतात तसे.

मैत्रिणीच्या मुठीत तिचा, डाव्या हातानं केलेला डोळा होता.

"म्हणजे दुकान माझं ना, बाबा?"

काकांनी मान वर केली नाही.